फितुरीचे गिऱ्हाईक

६ जून २०११ रोजी लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये एक बातमी आली. ‘२६००’ या हॅकरांच्या जुन्या नियतकालिकाचे संपादक एरिक कॉर्ली यांचा अंदाज तिच्यात होता: अमेरिकेतल्या दर चार हॅकरांपैकी एक एफबीआयचा खबऱ्या असावा. हा आकडा पडताळून पाहण्याची सोय नव्हती, कारण खबऱ्यांची शिरगणती कुणी छापत नसते. पण बातमी आली त्याच्या दुसऱ्याच रात्री न्यू यॉर्कमधल्या लोअर ईस्ट साइडच्या जेकब रीस हाउसेस या सरकारी वसाहतीत एफबीआयची माणसे एका दारावर थडकली. आत होता हेक्टर झेवियर मॉन्सेगर. इंटरनेटवर तो ‘साबू’ या नावाने ओळखला जाई. महिनाभरात जगभर गाजलेल्या ‘लल्झसेक’ टोळीचा तो म्होरक्या. एकदा ओळख लपवणारे ‘टोर’ न वापरता गप्पांच्या खोलीत शिरल्यामुळे त्याचा माग लागला होता. घरात नात्यातल्या दोन लहान मुली होत्या, त्यांचा सांभाळ तोच करत होता. तुरुंगात गेला तर मुली सरकारी देखरेखीखाली जाणार, हे त्याला सांगावे लागले नाही. त्याच रात्री त्याने होकार दिला.

पुढचे नऊ महिने साबू होता तिथेच होता. तेच टोपणनाव, तीच शिवराळ भाषा, ट्विटरवर तीच क्रांतीची आरोळी. फक्त त्याच्या संगणकावर आता एफबीआयची नजर होती. ऑगस्टमध्ये एका जुन्या ओळखीच्या हॅकरने त्याला तोंडावर विचारलेही, की तू फुटलास ना? साबूने त्यालाच खोटे पाडले. १५ ऑगस्ट २०११ रोजी त्याने १२ आरोपांची कबुली दिली, ती न्यायालयाने मोहोरबंद ठेवली. ६ मार्च २०१२ला सगळे उघड झाले तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेतले त्याचे साथीदार आरोपी म्हणून जगापुढे आले होते.

हॅकरांच्या जगाने त्याला गद्दार ठरवायला अर्धा दिवसही घेतला नाही. आपल्याला ही प्रतिक्रिया परकी वाटायचे कारण नाही. चापेकर प्रकरणात बक्षिसासाठी दामोदर चापेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना १८९९च्या फेब्रुवारीत पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यांचे नाव सव्वाशे वर्षे शिवीसारखे टिकून राहिले. त्यांच्याकडून ती खबर घेणाऱ्या ब्रुइन या पोलीस अधिकाऱ्याचे नाव मात्र अभ्यासकांनाच ठाऊक. फितुराचा राग करण्यात आपली सगळी शक्ती खर्च होते आणि फितुरी विकत घेणारा नामानिराळा राहतो. साबूच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्याच्या नीतिमत्तेवर पुष्कळ लिहिले गेले. मला त्यात फारसा रस नाही. दोन पोरींचा सांभाळ एकीकडे आणि वीस-पंचवीस वर्षांचा तुरुंग दुसरीकडे असताना कोण कसा वागेल, हे घरबसल्या ठरवणे फार सोपे असते. शिवाय साबू काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. चोरलेल्या कार्डांवर स्वतःची बिले भरणे आणि गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीच्या संगणकात घुसून चार इंजिने घरपोच मागवणे, हेही त्याच्या आरोपपत्रात आहे. क्रांतीला त्या इंजिनांचा काय उपयोग होता, हे कळायला मार्ग नाही.

मला प्रश्न पडतो तो गिऱ्हाइकाबद्दल. सरकारने त्या रात्री नेमके काय विकत घेतले, कोणत्या भावाने घेतले, आणि तो भाव कोणी फेडला?

भावाचे गणित अमेरिकेत उघड लिहिलेले आहे. संघीय न्यायालयांच्या शिक्षा-मार्गदर्शिकेत ५के१.१ असे एक कलम आहे. आरोपीने दुसऱ्या व्यक्तीच्या तपासात किंवा खटल्यात भरीव मदत केली, असा अर्ज सरकारी वकिलाने केला की न्यायाधीश नेहमीच्या मर्यादेच्या कितीही खाली येऊ शकतो. कायद्याने सक्तीची केलेली किमान शिक्षासुद्धा सरकारी वकिलाच्या अशा अर्जामुळे ओलांडता येऊ शकते. दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. अर्ज करायचा की नाही, हे एकटा सरकारी वकील ठरवतो, म्हणजे वजनकाटा विकत घेणाऱ्याच्याच हातात. आणि मदत ‘दुसऱ्या व्यक्तीच्या’ बाबतीत हवी. स्वतःचा गुन्हा कबूल केला, चोरलेले परत केले, ज्याचे नुकसान झाले त्याची प्रणाली दुरुस्त करून दिली, तर त्याची दखल अन्यत्र थोडीफार घेतली जाते. या कलमाखाली मात्र चालते ते एकच नाणे, दुसरा माणूस.

याचा परिणाम उलटा होतो. ज्याच्या ओळखी जास्त, ज्याच्या हाताखाली जास्त पोरे, त्याच्याकडे विकायला जास्त माल. टोळीतले शेवटचे पोर, ज्याला एकाचेही खरे नाव ठाऊक नाही, त्याच्याकडे काहीच नसते. ते पूर्ण शिक्षा भोगते. मॉन्सेगरच्या गुन्ह्यांना मार्गदर्शिकेप्रमाणे २५९ ते ३१७ महिने, म्हणजे साडेएकवीस ते साडेसव्वीस वर्षांच्या घरात शिक्षा होती. त्यात चोरलेल्या ओळखीच्या आरोपाची २ वर्षांची सक्तीची शिक्षाही होती. २७ मे २०१४ रोजी न्यायाधीश लॉरेटा प्रेस्का यांनी त्याच्या मदतीची तोंड भरून स्तुती केली आणि आधीच भोगलेल्या सात महिन्यांवर त्याला सोडले. तेही सात महिने त्याने जामिनाच्या अटी मोडून इंटरनेटवर लिहिले म्हणून झाले होते. त्याच न्यायाधीशांनी सहा महिन्यांपूर्वी, १५ नोव्हेंबर २०१३ला, शिकागोच्या जेरेमी हॅमंडला १० वर्षे दिली होती.

हॅमंडची गोष्ट जरा सावकाश सांगावी लागेल, कारण साबूच्या सौद्याची खरी किंमत तिथेच दिसते.

आधी तारखा पाहा. लल्झसेकचा सगळा धुमाकूळ सुमारे पन्नास दिवसांचा. साबू ७ जूनला सापडला. १५ जूनला लल्झसेकने सीआयएचे संकेतस्थळ पाडले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ‘अँटीसेक’ नावाच्या नव्या मोहिमेची घोषणा झाली: सरकारे, पोलीस, सुरक्षा कंपन्या, सगळ्यांच्या संगणकांत घुसा. त्यानंतर काही दिवसांतच ॲरिझोनाच्या पोलिसांच्या फायली बाहेर आल्या. म्हणजे ज्या मोहिमेने पुढे हॅमंडला ओढून घेतले, ती सुरू झाली तेव्हा तिचा सर्वांत ओळखीचा चेहरा सरकारच्या पगारावर नसला तरी सरकारच्या मुठीत होता. तरुण पोरे तिच्याकडे धावत आली ती साबूच्या नावाला भुलून. हॅकरांच्या जगात नावाचाच काय तो दरारा असतो. चेहरा, घर, गाव, वय काहीच दिसत नाही. ते नाव सरकारने जसेच्या तसे वापरात ठेवले.

डिसेंबर २०११मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनमधली स्ट्रॅटफर ही खाजगी हेरगिरी-विश्लेषण करणारी कंपनी फोडण्यात आली. हॅमंडचे म्हणणे असे की स्ट्रॅटफरचे नाव त्याने कधी ऐकलेलेच नव्हते. त्या कंपनीत शिरण्याची वाट सापडलेल्या दुसऱ्या हॅकरशी त्याची गाठ साबूने घालून दिली. हा झाला आरोपीचा दावा. पण पुढची गोष्ट एफबीआयच्याच तक्रार-अर्जात लिहिलेली आहे: चोरलेली माहिती साठवण्यासाठी लागणारा सर्व्हर साबूने पुरवला, न्यू यॉर्कमधला, आणि एफबीआयच्या सांगण्यावरून पुरवला. सुमारे ६०,००० क्रेडिट कार्डांचे तपशील, ८,६०,००० ग्राहकांची माहिती. त्या कार्डांवर निदान ७ लाख डॉलरचे व्यवहार झाले, त्यात अनेक धर्मादाय संस्थांना दिलेल्या ‘देणग्या’ होत्या. नाताळच्या आदल्या दिवशी स्ट्रॅटफरचे सर्व्हर पुसून टाकण्यात आले. कंपनीचे संस्थापक जॉर्ज फ्रीडमन यांनी नंतर स्वतःच सांगितले की कार्डांची चोरी झाल्याचे त्यांना डिसेंबरच्या सुरुवातीलाच कळले होते आणि एफबीआय त्या तपासात होती. म्हणजे घर फुटते आहे हे घरमालकाला ठाऊक, पोलिसाला ठाऊक, चोराला गाडी पोलिसाच्या माणसाची. आणि तरी तीन आठवडे सामान बाहेर जातच राहिले.

यावर सरकारी बाजूचे उत्तर असे की सर्व्हर आपला असला की चोरलेला माल नजरेखाली राहतो. उत्तर पटण्याजोगे आहे, पण अर्धेच. माल नजरेखाली होता, तर ६०,००० माणसांची कार्डे वेळेवर रद्द का झाली नाहीत? पन्नास लाखांच्या आसपास ई-मेल विकिलीक्सकडे गेलेच. २७ फेब्रुवारी २०१२पासून ते प्रसिद्ध होऊ लागले. डाऊ केमिकलसाठी ही कंपनी भोपाळच्या वायुपीडितांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांवर नजर ठेवत होती, हे आपल्याला कळले ते त्या ई-मेलांतून. माहिती महत्त्वाची होती यात शंका नाही. पण त्यामुळे हॅमंड निर्दोष ठरत नाही. सर्वसाधारण वर्गणीदाराच्या कार्डाचा आकडा चव्हाट्यावर टाकण्यात कोणता लढा होता, हे त्याला विचारायलाच हवे. त्याला २००६मध्येही अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेली होती; तो काही वाट चुकलेला कोवळा पोरगा नव्हता.

तो सापडला ते बोलण्यातून. आपण कुठे अटक झालो होतो, कोणत्या निदर्शनात होतो, फेकलेले अन्न गोळा करून कसे जगतो, अशा चार-दोन गोष्टी त्याने गप्पांच्या ओघात साबूशी बोलून दाखवल्या होत्या. एफबीआयने त्या धाग्यांवरून माणूस शोधला. मग शिकागोत त्याच्या घरावर पाळत बसली. तो घरात शिरला की न्यू यॉर्कमध्ये साबू सांगे, अमुक टोपणनाव आत्ता आले. पोलिसी काम म्हणून हे चोख आहे. ज्या कामाबद्दल साबूला सवलत मिळाली त्यात एवढेच असते, तर माझी तक्रार नव्हती.

पण मदतीची यादी इथे संपत नाही. हॅमंडने शिक्षेच्या दिवशी न्यायालयात सांगितले की साबूने त्याला परदेशी सरकारांच्या संकेतस्थळांच्या याद्या दिल्या आणि फोडायला लावली. त्याने देशांची नावे घेताच न्यायाधीशांनी त्याला अडवले. ती नावे गोपनीय होती. २०१४च्या एप्रिलमध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने कागदपत्रांच्या आधारे लिहिले की दोन हजारांहून अधिक डोमेनांची यादी होती आणि तिच्यात ब्राझील, इराण, सीरिया, पाकिस्तान या देशांची सरकारी संकेतस्थळे होती. एफबीआयने हे करायला सांगितले की साबूने आपल्याच हौसेने केले, याचा उलगडा आजवर झालेला नाही. कोणताही न्यायाधीश हा प्रश्न विचारू शकला नाही, कारण खटलाच झाला नाही. हरला असता तर ३० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, असे हॅमंडला जामिनाच्या सुनावणीतच ऐकवण्यात आले होते. त्याने मे २०१३मध्ये गुन्हा कबूल केला. अमेरिकेत संघीय न्यायालयांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा अशाच कबुलीतून होतात. साबूने हॅमंडविरुद्ध पिंजऱ्यात उभे राहून एक शब्दही उच्चारला नाही. त्याची उलटतपासणी झाली नाही. ज्याच्या जोरावर १० वर्षे मिळाली, त्या माणसाला आरोपीच्या वकिलाने एकही प्रश्न विचारलेला नाही.

आपल्या व्यवस्थेकडे बोट दाखवावेसे वाटते ते इथे, आणि अभिमानाने नव्हे. भारतीय कायद्यात माफीचा साक्षीदार हा प्रकार जुना आहे: फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३४३. त्याची रचना संशयावर उभी आहे. माफी न्यायालय देते, पोलीस नाही. साक्षीदार आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीत ठेवायचे. त्याने सगळे खरे सांगायचे, नाही तर माफी जाऊन मूळ गुन्ह्याचा खटला पुन्हा उभा राहतो. आणि त्याच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा, हे न्यायालये शंभर वर्षांहून अधिक काळ सांगत आली; नव्या साक्ष अधिनियमात तर कायद्याने ते शब्दांतच आणले आहे. मराठी वाचकाला याचे सर्वांत परिचित उदाहरण गांधी खून खटल्यातले. पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. लाल किल्ल्यात भर न्यायालयात त्याची उलटतपासणी झाली. न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याला खरे बोलणारा साक्षीदार मानले, आणि तरीही स्वतंत्र पुरावा नाही म्हणून सावरकरांना त्याच्या एकट्याच्या शब्दावर दोषी धरायला नकार दिला. १० फेब्रुवारी १९४९च्या त्या निकालावरचे वाद अजून मिटलेले नाहीत. पण वाद घालता येतो, कारण बडगे काय म्हणाला ते कागदावर आहे.

बडगे आणि साबू यांच्यात आणखी एक फरक आहे, आणि माझ्या लेखी तोच निर्णायक. बडगे झालेल्या गुन्ह्याबद्दल सांगत होता. साबू होणाऱ्या गुन्ह्यांच्या मध्यभागी बसला होता. झालेल्या गोष्टीची साक्ष देणारा फार तर खोटे बोलेल. अजून न झालेल्या गोष्टीवर ज्याची सुटका अवलंबून आहे, तो ती गोष्ट घडावी म्हणून धडपडेल. त्याला तसे सांगावे लागत नाही. सवलत मोजली जाते ती पकडलेल्या माणसांत; मग माणसे पकडली जाण्याजोगी व्हावीत, ही त्याची गरज होऊन बसते. हॅकिंगमध्ये तर ही गरज भागवणे फारच सोपे. अमली पदार्थांच्या धंद्यात खबऱ्याला निदान माल, पैसे, जागा यांची जुळवाजुळव करावी लागते. इथे एक दुवा पाठवला, एक पासवर्ड दिला, एक सर्व्हर उघडून दिला की गुन्हा उभा राहतो, आणि त्याची नोंद आपोआप होते.

खबऱ्यांना गुन्हे करू देण्याची परवानगी हा अमेरिकेत अपवाद नाही, हेही सांगायला हवे. न्याय खात्याच्या नियमांत तशी रीतसर तरतूद आहे. ‘यूएसए टुडे’ने २०१३मध्ये मिळवलेल्या अहवालाप्रमाणे एफबीआयने सर्व प्रकारच्या तपासांत मिळून एकट्या २०११ साली ५,६५८ वेळा खबऱ्यांना कायदा मोडू दिला. साबू पकडला गेला तेच हे वर्ष.

यावर गंभीर माणसे एक गंभीर आक्षेप घेतात आणि तो बाजूला सारता येणार नाही. टोपणनावांच्या, सांकेतिक संदेशांच्या आणि देशोदेशी पसरलेल्या या जगात आतल्या माणसाशिवाय आत शिरता येत नाही. साबूच्या मदतीने ३०० हून अधिक हल्ले टळले किंवा त्यांचे नुकसान कमी झाले, असे सरकारी वकिलांनी लेखी सांगितले. त्यातले काही हल्ले सरकारी आणि लष्करी यंत्रणांवर होणार होते. आकडा सरकारचा आहे, पण तो सगळा खोटा मानायला मी तयार नाही. एक फुटकी प्रणाली वेळेवर दुरुस्त झाली तर हजारो लोकांचे पैसे वाचतात. मात्र या आक्षेपाचे उत्तर एफबीआयच्याच दप्तरात आहे. पिट्सबर्गचा त्यांचा अधिकारी कीथ मुलार्स्की ‘मास्टर स्प्लिंटर’ या नावाने चोरलेल्या कार्डांच्या ‘डार्कमार्केट’मध्ये शिरला, पुढे त्याचा सर्व्हरच चालवू लागला आणि २००८मध्ये त्याने तो बाजार बंद पाडला. ५६ जणांना अटक झाल्याचे एफबीआयने सांगितले. तिथेही पोलिसाच्या सर्व्हरवर चोरांचा व्यवहार चालला, आणि त्यालाही प्रश्न विचारता येतात. तरी मुलार्स्कीला स्वतःची शिक्षा कमी करून घ्यायची नव्हती. तो पगारी होता, वरिष्ठांना उत्तर देत होता, न्यायालयात नावाने उभा राहू शकत होता. असा माणूस तयार करायला वर्षे लागतात. खबऱ्या एका रात्रीत तयार होतो. आडमार्ग स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो, दुसरा रस्ता नाही म्हणून नव्हे.

स्वस्त सौदा किती महाग पडू शकतो, ते अल्बर्ट गोन्झालेसने दाखवून दिले. साबूच्या आधीची ही गोष्ट, आणि तिच्यातून शिकून साबूशी सौदा झाला असता तर बरे झाले असते. २००३च्या जुलैमध्ये मॅनहॅटनमधल्या एका एटीएमसमोर एक पोरगा एकामागून एक कोरी कार्डे घालून पैसे काढताना सापडला. तो ‘शॅडोक्रू’ या कार्डचोरांच्या बाजारातली बडी असामी निघाला. सीक्रेट सर्व्हिसने त्याला खबऱ्या केले. त्याने टोळीतल्यांना एका ‘सुरक्षित’ मार्गाने व्यवहार करायला भरीस घातले. तो मार्ग सीक्रेट सर्व्हिसच्या ताब्यात होता. २६ ऑक्टोबर २००४ला ‘ऑपरेशन फायरवॉल’मध्ये एका दिवसात २८ जण पकडले गेले. खाते खुश झाले. गोन्झालेसला वर्षाला ७५,००० डॉलर मिळू लागले. तो मायामीला गेला, अधिकाऱ्यांपुढे भाषणे देऊ लागला, आणि त्याच काळात त्याने आपली नवी टोळी उभी केली.

पुढचे आकडे ऐकण्यासारखे आहेत. टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून ४ कोटी ५७ लाख कार्डांचे तपशील. हार्टलँड पेमेंट सिस्टिम्समधून सुमारे १३ कोटी. स्वतःच्या वाढदिवसाला त्याने ७५,००० डॉलर उडवले, म्हणजे सरकारी खबऱ्याचा वर्षाचा पगार. आणि नोटा मोजायचे यंत्र बिघडल्यामुळे ३,४०,००० डॉलर हाताने मोजावे लागल्याचे रडगाणे मित्रांपुढे गायले. सरकारकडून तपासाची दिशा कळत होती ती तो टोळीतल्यांना पुरवत होता. मे २००८मध्ये त्याला पकडले तेव्हा आईवडिलांच्या परसात ११ लाख डॉलर पुरलेले निघाले. मार्च २०१०मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. त्याच्यासाठी नेटवर्कमधली माहिती टिपणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या मित्राला दोन वर्षे झाली. त्याने त्यातून पैसे कमावल्याचा आरोप नव्हता.

गोन्झालेस हा अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण त्याच्या दहा वर्षे आधी लॉस एंजेलिसमध्ये ‘एजंट स्टील’ नावाने ओळखला जाणारा जस्टिन पीटरसन केव्हिन पोल्सन आणि केव्हिन मिटनिक या हॅकरांविरुद्ध एफबीआयसाठी काम करत होता, आणि तेव्हाही तो चोऱ्या करतच होता. पकडले जाणार असे दिसताच फरार झाला. मुंबईकरांना तर याच धंद्यातला सर्वांत भयंकर मासला ठाऊक आहे. २६/११च्या हल्ल्यासाठी ताज आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली त्याआधी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. हेरॉइनच्या प्रकरणात त्याला याच मदतीमुळे सवलत मिळालेली होती. मुंबईनंतर पकडला गेला तेव्हा त्याने पुन्हा तोच व्यवहार केला. फाशी टळली, भारतात पाठवणी टळली, २०१३मध्ये ३५ वर्षे झाली. २०१६च्या फेब्रुवारीत मुंबईच्या न्यायालयाने व्हिडिओवरून त्याची साक्ष घेतली, माफीचा साक्षीदार म्हणून. हेडली हॅकर नव्हता. पण माणसाला एकदा कळले की आपल्या गुन्ह्याचा भाव दुसऱ्यांच्या नावांत चुकता करता येतो, की तो ते विसरत नाही.

याच व्यवस्थेत न बोलण्यालाही भाव आहे. हॅमंडची शिक्षा संपत आली असताना २०१९मध्ये त्याला व्हर्जिनियात ग्रँड ज्युरीपुढे विकिलीक्सबद्दल साक्ष द्यायला नेले गेले. त्याने नकार दिला आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला पाच महिने अडकवून ठेवले. त्याच ग्रँड ज्युरीपुढे नकार देणाऱ्या, पूर्वी विकिलीक्सला लष्करी कागद पुरवलेल्या चेल्सी मॅनिंगलाही तुरुंग झाला, वर २,५६,००० डॉलरचा दंड. मार्च २०२०मध्ये ज्युरी बरखास्त झाली तेव्हा दोघांची अवमानाची कोठडी संपली. यात मॅनिंगच्या किंवा हॅमंडच्या ठामपणाचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. साक्ष द्यायला नागरिक बांधील असतो हे तत्त्वही मला मान्य आहे. पण ज्याने टोळी चालवली त्याला सात महिने, आणि ज्याने नावे दिली नाहीत त्याला शिक्षेवर आणखी पाच महिने, असे दोन हिशेब शेजारी मांडले की सरकारला गुन्हा महत्त्वाचा वाटतो की नावे, अशी शंका येते.

सहकार्याचा दुसरा नमुना असू शकतो. न्यू जर्सीचा पारस झा आणि त्याचे दोन साथीदार यांनी २०१६मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कॅमेरे, राउटर अशी लाखो उपकरणे ताब्यात घेणारा हा प्रोग्राम झाने सार्वजनिक केला, आणि त्याच्याच एका अवताराने त्या ऑक्टोबरात अमेरिकेतले बरेचसे इंटरनेट लडखडले. २०१८च्या सप्टेंबरमध्ये अलास्काच्या न्यायालयाने तिघांना तुरुंगाऐवजी पाच वर्षांचे प्रोबेशन, १,२७,००० डॉलरची भरपाई आणि २,५०० तासांची सेवा सांगितली, कारण तोवर त्यांनी एफबीआयसाठी एक हजाराहून अधिक तास काम केले होते. त्यातही इतरांचा माग काढणे होतेच. पण बराच भाग तांत्रिक होता: हल्ले ओळखणे, ते थोपवण्याची साधने लिहिणे. सवलत मिळाली ती मुख्यतः कौशल्याला. न्यू यॉर्कच्या खुराड्यात बसलेल्या साबूकडेही हे कौशल्य होतेच, आणि ज्या ३०० हल्ल्यांचा सरकार उल्लेख करते, त्यांतले बरेच त्याने प्रणालीतली भोके दाखवल्यामुळेच टळले असतील. त्या कामाबद्दल त्याला सोडले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

म्हणून माझे म्हणणे खबऱ्या नकोच असे नाही. खबऱ्याला पकडलेल्या घटकेपासून पुढे घडणाऱ्या गुन्ह्यात हात घालू देऊ नये, आणि घातलाच तर त्या गुन्ह्यासाठी सवलतीत एक दिवसही मोजू नये. सवलतीचा अर्ज करण्याची मक्तेदारी सरकारी वकिलाकडे ठेवू नये. पुरावे गोळा करणारी, फुटलेली प्रणाली सांधणारी मदतही आरोपीच्या वकिलाला न्यायाधीशापुढे मांडता यावी. खबऱ्याच्या हातून ज्याचे नुकसान होते आहे, त्याला तपासासाठी अंधारात ठेवायचे असेल तर भरपाई तपास यंत्रणेने करावी. स्ट्रॅटफरच्या ग्राहकांच्या कार्डांवरचे ७ लाख डॉलर एफबीआयच्या अंदाजपत्रकातून गेले असते, तर तो सर्व्हर तीन आठवडे उघडा राहिला असता का, असा मला प्रश्न आहे. आणि आरोपीने गुन्हा कबूल केला तरी त्याच्या गुन्ह्यात सरकारच्या माणसाने काय-काय पुरवले, याची नोंद शिक्षेच्या दिवशी उघड न्यायालयात वाचली गेली पाहिजे.

आपण मात्र या बाबतीत निर्धास्त राहू नये. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या साध्या हॅकिंगला, म्हणजे कलम ६६ला, जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. माफीच्या साक्षीदाराची तरतूद सर्वसाधारणपणे सत्र न्यायालयात चालणाऱ्या किंवा सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू होते. त्यामुळे नुसत्या कलम ६६च्या प्रकरणात कोठडी, उलटतपासणी आणि न्यायाधीशाची सही असलेला तो सगळा जुना संशयी बंदोबस्त लागूच होत नाही. सायबर ठाण्यात पकडलेल्या पोराला “चार नावं दे, तुझं बघू” असे कुणी म्हटले, तर त्या सौद्याचा कागद कुठल्याच न्यायालयात जाणार नाही. साबूच्या सौद्याचे निदान मोहोरबंद कागद तरी आहेत. दोन हजार डोमेनांची ती यादी कुणी, कुणाच्या सांगण्यावरून तयार केली, हे ते उघडल्यावर कधीतरी कळू शकेल.